पाय मोडलेली अक्षरं

सड्यावरून मुरगावच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
मिंगेल आल्फायाताचं दुकान. दार एक, मशिनी दोन,
त्यातली एक कायम रुसलेली.
चौदाव्या वर्षी मी तिथं काजं करायला गेले
आणि ब्लाउज बेतायच्या आधी
बोटींची मुळाक्षरं बेतायला शिकले.

ट्रंकेत तळाशी, कडुलिंबाच्या पाल्यात,
त्याच्या आज्याचा संच होता: अठराच बावटे.
बाकीचे कुठं गेले, मी विचारलं.
स्वर नव्हतेच तेव्हा, तो म्हणाला.
साहेबांना धास्ती, स्वर दिले
तर खलाशी डोलकाठीवर शिव्या वाळत घालतील.
म्हणजे नुसती व्यंजनं. सगळ्यांचे पाय मोडलेले.
अशी लंगडत लंगडत
जहाजं एकमेकांशी बोलायची,
वादळाबद्दल, कोळशाबद्दल, वाटेत मेलेल्यांबद्दल.

स्वर पुढं आले. मग त्याच्या बापाच्या हयातीत
पुन्हा बेत बदलला.
पांढऱ्या पताकेवरचा लाल ठिपका आधी ‘होय’ म्हणायचा,
निळीवरचा पांढरा ठिपका ‘नाही’.
नवं पुस्तक आलं नि दोघांची आकड्यांत बदली झाली.
होय झालं एक. नाही झालं दोन.
बापानं त्या साली सहा संच उसवले,
आणि कापड फुकट जाऊ नये म्हणून पुढं
‘नाही’च्या निळ्यातून पोरांच्या चड्ड्या काढल्या.
मिंगेल सांगायचा,
मी नकार घालून शाळेत गेलोय.

पिवळा मात्र मला कधी नीट उमगला नाही.
शिवायला सगळ्यांत सोपा, नुसता चौकोन, चार दुमडी.
पूर्वी तो दिसला की किनारा दारं लावून घ्यायचा:
आत रोग आहे.
आता त्याच पिवळ्याचं म्हणणं:
आम्ही धडधाकट आहोत, आम्हाला आत घ्या.
कापड तेच. टाका तोच.

ज्या वर्षी सगळं जग तोंड बांधून बसलं होतं
मिंगेलचा नातू रुझार बोटीवर तारवटी होता,
बाहेर नांगरावर, एकवीस दिवस.
ऐंशी उलटलेला म्हातारा गॅलरीतून दुर्बीण लावायचा,
हात कापायचे, पिवळा डोळ्यांतून निसटायचा,
मग दुर्बीण माझ्याकडे.
वाच बघू, आज काय म्हणतोय?
जुनं की नवं?
नवं, पात्रांव. नवंच.

रुझार उतरला. आठ महिन्यांनी पुन्हा गेलाही.
निळ्याच्या पोटातला पांढरा चौकोन वर चढला,
म्हणजे सगळे परत या, आम्ही निघालो.
हे बंदरात.
भर दर्यात मासेमार तोच चढवतात तेव्हा
माझं जाळं कशाततरी अडकलंय.
मिंगेलला हे दोन अर्थ
कधी वेगळे वाटलेच नाहीत.

परवा कोलव्याच्या एका शॅकवाल्यानं
शोभेला वीस बावटे नेले.
ओळ लावून देते म्हटलं, तर म्हणाला,
आम्ही रंग बघून लावू.
आता बिअरच्या खोक्यांवर फडकतंय:
तुम्ही धोक्यात शिरताय.
माणूस पाण्यात पडलाय.
डॉक्टर पाठवा.
त्याखाली लोक फोटो काढतात.
मी काही बोलले नाही. पैसे रोख होते.

संचात एक तिकोनी असतो, पिवळा, निळ्या काठाचा.
त्याला स्वतःचं अक्षर नाही.
संचात प्रत्येक अक्षर एकदाच, म्हणून
पहिलं परत म्हणायचं झालं की हा लावायचा:
जे पहिलं, तेच पुन्हा.

आज तोच शिवतेय,
मिंगेल गेल्यावर माझ्याकडे आलेल्या
त्या रुसणाऱ्या मशिनीवर.
टोकाशी काठ वळवताना
सुई अडते, जिथं त्याचीही अडायची,
आणि मी त्याच्यासारखीच
एक शिवी हासडते,
सगळ्या स्वरांसकट.